गव्याच्या वाट्याचे सोंग

मुलांनो, ही गोष्ट एका जंगलातली आहे. त्या जंगलाला माणसांनी काहीतरी नाव दिले होते, पण तिथल्या प्राण्यांना ते ठाऊक नव्हते, म्हणून आपणही ते सोडून देऊ. जंगलाच्या मधोमध एक ओढा वाहत असे आणि ओढ्याच्या काठी एक गवा राहत असे. गवा म्हणजे रानातला बैल समजा, पण आपल्या बैलाच्या दुप्पट दांडगा आणि चौपट तापट. मनाने मात्र चांगला होता. तापट माणसांबद्दल आपण नेहमी असेच म्हणतो, पण याच्या बाबतीत ते खरे होते.

या ओढ्यात श्रावणात पाणी मावत नसे आणि चैत्रात थेंब उरत नसे. म्हणून पाऊस उघडला की ओढ्यावर बांध घालायचा, पाणी अडवायचे आणि त्यावर उन्हाळा काढायचा, अशी तिथली रीत होती. काम एकट्यादुकट्याचे नव्हते. साळिंदर नख्यांनी पाया खणत असे. गवा मोठाले दगड ढकलून आणत असे. वानर झाडावरून फांद्या मोडून टाकत असे. ससा मागच्या पायांनी माती तुडवून घट्ट करत असे आणि सुगरण पक्षी दगडांच्या फटींत गवताच्या काड्या विणून बसवत असे. पूर्वी त्यांच्यात एक पाणमांजरही होते. ते बुडी मारून बांधाचा तळ पाहून येई. गेल्या वर्षी ते जंगल सोडून गेले. का गेले, ते पुढे कळेलच.

दरवर्षी बांधाचे काम आटोपले की ओढ्याकाठच्या जांभळाखाली एक बैठक भरत असे. गव्याने तिला नाव दिले होते 'झाडाझडती'. कामात काही बिघडले असेल तर गवा एकच प्रश्न विचारी, "कुणी केलं?" मग सगळे एकमेकांची तोंडे बघत, कुणीतरी कुणाचे तरी नाव घेई, आणि एक जण सापडला की बैठक संपे. बाकीचे हलक्या पावलांनी घरी जात. तुमचे आईबाबा ज्या ऑफिसात जातात तिथेही असल्या बैठका होतात म्हणे. विचारून पाहा, पण बैठकीच्या दिवशीच विचारू नका.

तर त्या वर्षी अश्विनात बांध झाला आणि कार्तिकातल्या एका सकाळी तो फुटला. मधला मोठा दगड पायातून सुटला आणि महिनाभर साठलेले पाणी सशाची न्याहारी होईपर्यंत वाहून गेले. ओढ्याला अजून बारीक धार होती. ती मार्गशीर्षापर्यंत टिकली असती. तेवढ्या दिवसांत बांध पुन्हा उभा राहिला तर ठीक, नाहीतर चैत्रात सगळ्या जंगलाने दोन डोंगर ओलांडून पाण्यासाठी दुसरीकडे जायचे, हे सगळ्यांना कळत होते.

"उद्या सकाळी झाडाझडती," गवा म्हणाला. "आणि ज्यानं केलं असेल, त्यानं जंगलातून चालतं व्हायचं."

बांध पायातून सुटला होता आणि पाया साळिंदराने खणला होता. त्यामुळे उद्या कोण सापडणार, याबद्दल कुणाला फारशी शंका नव्हती. साळिंदरालाही नव्हती. त्याच्या बिळात दोन पिल्ले होती आणि त्यांचे काटे अजून कापसासारखे मऊ होते. काटे टणक व्हायला महिना तरी हवा होता. मऊ काट्यांची पिल्ले घेऊन उघड्या माळावरून जायचे म्हणजे कोल्ह्यांना आयते जेवण वाढायचे. ते त्या दिवशी दोनदा बिळाबाहेर आले, दोनदा आत गेले, आणि पिल्लांना काही सांगायचे ठरवून काहीच न सांगता बसून राहिले.

सकाळी बैठक भरली. गवा मधोमध उभा राहिला.

"बांध फुटला," तो म्हणाला. "कुणी केलं?"

ससा कान पाडून बसला. वानराने आधी आभाळाकडे पाहिले, मग साळिंदराकडे.

"पाया कुणी खणला, ते सगळ्यांना माहीत आहे," वानर म्हणाला. त्याची नेहमीच उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी तऱ्हा असे.

"साळिंदरा, बोल. पाया कच्चा का राहिला?" गव्याने विचारले.

साळिंदराने काटे फुलवले आणि मान आत घेतली. गव्याने पुन्हा विचारले. मग तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा जांभळावरची पाने हलली. साळिंदर मूग गिळून बसले होते.

"बघा. खाई त्याला खवखवे," वानर म्हणाला.

तेवढ्यात फांदीवरून सुगरण पक्षी खाली उतरला. एवढासा जीव, पण त्याला गव्याची भीती वाटत नसे. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. "दादा, माझी दरवर्षी तीन तरी घरटी नापास होतात," तो म्हणाला. "मी अर्धं घरटं विणतो. माझी होणारी बायको येते, आत डोकावते, चोच मुरडते नि उडून जाते. आता मी 'कुणी केलं' असं विचारत बसलो, तर उत्तर काय येणार? मीच केलं. त्यानं चौथं घरटं चांगलं होत नाही. म्हणून मी पहिल्या काडीपासून सगळं आठवतो. कोणती काडी कधी घातली, तेव्हा वारा कुठला होता, मला भूक लागली होती का. गोष्ट सांगितल्यासारखं स्वतःला सांगतो. मग चूक कुठं झाली ते आपोआप सापडतं."

"मग आम्ही काय करू म्हणतोस?" गव्याने विचारले.

"बांधाची गोष्ट सांगू. प्रत्येकानं आपापला भाग सांगायचा. फक्त आपल्या तोंडानं नाही, दुसऱ्याचं सोंग घेऊन."

"हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळच आहे," पक्षी म्हणाला. "पण तुझा प्रश्न तीनदा विचारून झाला नि साळिंदर बोललं नाही. आता सूर्य जांभळाच्या शेंड्यावर येईपर्यंत माझं ऐक. नाही जमलं, तर तुझी झाडाझडती आहेच."

गव्याला ते पटले नव्हते, पण तीनदा विचारून उत्तर आले नव्हते हे खरे होते. तो फुरफुरत एका बाजूला जाऊन उभा राहिला.

पक्ष्याने एका सपाट दगडावर पाच वस्तू मांडल्या. गव्याचा काळा राठ केस, साळिंदराचा गळलेला काटा, वानराच्या शेपटीचे केस, सशाची पांढरी लव आणि कुठून तरी उचलून आणलेला माशाचा एक वाळका खवला. डोळे मिटून एकेकाने एक वस्तू उचलायची, जे हाती लागेल ते सोंग घ्यायचे, आणि स्वतःचेच आले तर परत ठेवायचे. सशाने पहिल्यांदा उचलले आणि त्याच्या पुढ्यात गव्याचा काळा केस आला. ससा इतका घाबरला की त्याला तो केस टाकताही येईना. वानराला साळिंदराचा काटा मिळाला. साळिंदराला वानराच्या शेपटीचे केस मिळाले. पक्ष्याच्या चोचीत सशाची लव आली. गव्यासाठी एकच वस्तू उरली.

गव्याने तो खवला हुंगला. "हे कुणाचं सोंग?"

"पाणमांजराचं," पक्षी म्हणाला.

"ते तर इथं नाही."

"गोष्टीत जो नसतो, त्याचंही काहीतरी असतंच."

वानराने मान खाली घातली. "माझं शेवटी," गवा म्हणाला आणि त्याने तोंड फिरवले. "आधी तुमचं होऊ दे."

पहिली पाळी सशाची होती. पक्ष्याने त्याच्या डोक्यावर दोन वाकड्या काटक्या शिंगांसारख्या खोचल्या. सशाने एक पाय आपटला, मग तो फुरफुरला आणि जमेल तेवढ्या जाड आवाजात म्हणाला, "एका जंगलात एक गवा राहत असे. कुणी केलं? कुणी केलं? कुणी केलं?"

वानर पोट धरून हसला. साळिंदराच्या काट्यांचा खुळखुळ आवाज आला, म्हणजे तेही हसले असावे. गव्याच्या नाकपुड्या फुगल्या. हशामुळे सशाला जरा धीर आला आणि तो पुढे बोलू लागला, आता हळू. "मी रोज पहाटे एकटाच बांधावर जात असे. पाण्याला नाक लावून बघत असे, कालच्यापेक्षा वाढलं का. सगळ्यांना पुरेल का, याची मला फार धास्ती वाटे. पण एवढ्या मोठ्या अंगाला धास्ती शोभत नाही. म्हणून मी ओरडत असे."

"तुला कसं कळलं?" गव्याने विचारले.

"मी गवतात असायचो," ससा म्हणाला आणि त्याने घाईघाईने काटक्या काढून ठेवल्या.

मग वानराची पाळी आली. त्याने पाठीवर गवताच्या ताठ काड्या चिकटवल्या, अंगाचे गाठोडे केले आणि घुमेपणाने सुरुवात केली. "एका जंगलात एक साळिंदर राहत असे. मी कुणाशी बोलत नसे. कुणी बोलायला आलं तर पाठ दाखवत असे. मी पाया खणायला घेतला. एक हात खणला. खाली अजून वाळूच लागत होती. कातळ लागेपर्यंत खणायचं असतं, हे मला माहीत होतं. तेवढ्यात वरून फांद्या पडायला लागल्या, आणि वानर ओरडला, पुरे आता, पाला सुकतोय..."

इथे वानर थांबला. पुढचे वाक्य त्याला येत होते, पण ते त्याच्या तोंडून निघेना. पाठीवरची एक काडी गळून पडली.

"मग तू का थांबलास?" पक्ष्याने विचारले.

"माझ्या अंगावर फांद्या पडत होत्या," वानर साळिंदराच्या आवाजात म्हणाला. मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, "मीच टाकत होतो."

आता साळिंदराने मान बाहेर काढली. सकाळपासून ते पहिल्यांदाच बोलणार होते. आपल्याला वाटेल की आता ते वानराची चांगलीच खोड मोडेल. संधी तर आयती चालून आली होती. पण वानर व्हायचे म्हणजे वानराच्या जागी बसून पाहायला हवे, आणि साळिंदर कामात प्रामाणिक होते. ते जांभळाच्या बुंध्यावर दोन पाय टेकून उभे राहिले.

"एका जंगलात एक वानर राहत असे," ते म्हणाले. "गव्यानं सांगितलं होतं, पुनवेच्या आत बांध झाला पाहिजे. पाला सुकला की तो फटीत बसत नाही. पुन्हा सगळ्या फांद्या मोडायच्या, तर दिवस पुरणार नव्हते. म्हणून मला घाई झाली. मी वाईट मनानं ओरडलो नव्हतो." त्याने वर फांद्यांकडे पाहिले. "आणि मी उंच बसत असे. मला वरून सगळं दिसत असे. बांधाच्या पलीकडे कोरड्या अंगाला ओल दिसली असेल. दिसली असेल ना?"

"दिसली होती," वानर म्हणाला. "फुटायच्या चार दिवस आधी. तिथं कोवळं गवत उगवलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?" गवा एकदम पुढे आला.

वानर मागे सरकला. पक्षी मध्येच उडून बसला आणि म्हणाला, "दादा, माझी पाळी आहे. एका जंगलात एक ससा राहत असे. माती तुडवताना माझ्या पायांना खालून गार लागत असे. काय रे, लागत होतं?"

"लागत होतं," ससा म्हणाला. "पण सांगितलं असतं तर मला विचारलं असतं, तूच नीट तुडवली नाहीस ना?"

"आणि मी विणलेल्या काड्या रोज थोड्या थोड्या आत ओढल्या जात होत्या," पक्षी आता स्वतःबद्दल बोलत होता. "मी रोज नव्या घालत होतो. मी तरी कुठं सांगितलं?"

बांध फुटणार हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते, पण चौघांना त्यातला एकेक चतकोर ठाऊक होता. साळिंदराला वाळू माहीत होती, वानराला ओल, सशाला गारवा, पक्ष्याला काड्या. चार चतकोर एकत्र आले असते तर बांध फुटायच्या आधीच अख्खी भाकरी दिसली असती. प्रत्येकाने आपला चतकोर लपवून ठेवला, कारण तो दाखवला की पहिला प्रश्न कोणता येणार, ते पाठ होते.

सूर्य जांभळाच्या शेंड्यावर आला होता. आता झाडाझडती सुरू करायला कुणाची हरकत नव्हती. गवा मात्र त्या वाळक्या खवल्याकडे पाहत उभा होता.

"एका जंगलात," तो म्हणाला आणि थांबला. इतक्या मोठ्या प्राण्याचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे सशाला त्या दिवशी कळले. "एका जंगलात एक पाणमांजर राहत असे. ते बुडी मारून तळ बघून येत असे. गेल्या वर्षी ते वर आलं नि म्हणालं, खालचा एक दगड हलतोय. सगळ्यांच्या आधी सांगितलं. मी म्हणालो, बघू. दोन दिवसांनी बांधाचा कोपरा ढासळला. मग झाडाझडती झाली."

"मी नाव घेतलं," वानर पुटपुटला. "मी म्हणालो, पाण्यात शेवटचं तेच होतं."

"आणि मी त्याला म्हणालो, तुला आधीच ठाऊक होतं, म्हणजे तूच हलवला असशील." गव्याने डोळे मिटून घेतले. "ते ओढ्याच्या वरच्या अंगाला निघून गेलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. त्या दिवसापासून या जंगलात कुणी कुणाला काही सांगितलं नाही."

आपली चूक इतक्या सरळ कबूल करणारा मोठा प्राणी मी तरी फार पाहिलेला नाही, आणि मी बरेच मोठे प्राणी पाहिले आहेत.

"पुढं?" पक्ष्याने विचारले.

"पुढं काय? संपली."

"अशी कशी संपेल? पाणमांजराचं पुढं काय झालं, ते आलंच नाही."

गव्याने थोडा वेळ विचार केला. मग तो म्हणाला, "पुढं एक गवा ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला." आणि तो खरोखरच चालू लागला. जाता जाता साळिंदरापाशी थांबून एवढेच म्हणाला, "पिल्लांना कुठं न्यायचं नाही. आणि या खेपेला कातळ लागेपर्यंत खण. कितीही दिवस लागू देत."

साळिंदर तडक बिळाकडे गेले. आत गेल्यावर त्याने पिल्लांना जवळ घेतले आणि त्याला रडू आले. पिल्लांना वाटले, काटे टोचले असतील.

पाणमांजर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका डोहात राहत होते. गव्याला पाहून ते दगडावर चढून बसले, पण खडकाआड पळायची वाट त्याने आपल्यासाठी मोकळी ठेवली.

"तू खरं सांगितलं होतंस," गवा म्हणाला. "आणि मी तुलाच दोषी धरलं. माझं चुकलं. बांध पुन्हा घालतोय. तळ बघायला कुणी नाही."

पाणमांजराने तोंडातला मासा खाऊन संपवला. घाई केली नाही. मग विचारले, "मी येईन. पण खाली जे दिसेल ते वर येऊन सांगेन. चालेल?"

"चालेल."

"मागच्या वेळी तू 'बघू' म्हणाला होतास."

गवा मान खाली घालून पुढे चालू लागला आणि थोड्या अंतरावरून, त्याच्या मागोमाग पाण्यातून पाणमांजर येऊ लागले.

बांधाला बारा दिवस लागले. साळिंदराने तीन हात खणले तेव्हा कातळ लागला. वानर तोवर फांद्यांवर पाणी शिंपडून पाला ओला ठेवत बसला, जे त्याला पहिल्या खेपेलाही सुचू शकले असते. ससा तुडवत होता, पक्षी विणत होता. ओढ्याची धार रोज बारीक होत होती आणि सगळ्यांचे डोळे त्या धारेवर होते. तेराव्या दिवशी पाणी अडले. आता धार इतकीच उरली होती की बांध पुन्हा फुटला असता तर तिसरा घालून उपयोग नव्हता.

त्या दिवशी पाणमांजराने बुडी मारली. बराच वेळ ते वर आले नाही. मग आले, मिशांवरचे पाणी झटकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खालचा एक दगड हलतोय."

वानराच्या हातातली फांदी हातातच राहिली. सशाने कान पाडले. साळिंदराने नकळत मान आत घेतली. सगळे गव्याकडे पाहू लागले. गव्याच्या नाकपुड्या फुगल्या. त्याने एक पाय उचलला, तो आता आपटणार असे सगळ्यांना वाटले, आणि त्याच्या ओठांवर तो जुना प्रश्न आलेला सगळ्यांना दिसला. त्याने तो पाय सावकाश खाली ठेवला.

"कुठं?" तो म्हणाला. "दाखव."

त्या वर्षी वैशाखातही ओढ्यात पाणी होते. साळिंदराची पिल्ले सकाळी काठावर येत, तेव्हा त्यांच्या काट्यांचा खुळखुळ आवाज पार जांभळापर्यंत ऐकू येई. पुढच्या अश्विनात पक्ष्याने पुन्हा सपाट दगडावर वस्तू मांडल्या, आणि या खेपेला त्याचे स्वतःचे पीस धरून त्या सहा होत्या. गव्याचे सोंग आपल्यालाच मिळावे म्हणून भांडण झाले. अखेर ते सशालाच दिले, कारण त्याच्यासारखे फुरफुरणे कुणाला जमत नसे, अगदी गव्यालासुद्धा.

तात्पर्य : गळती दिसली असे सांगणाऱ्यालाच जिथे दोषी धरतात, तिथे बांध फुटेपर्यंत कुणी बोलत नाही.